एकसष्टाव्या पानावरची चौकट

१

जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी ओल्शावाच्या सरपंचांनी अपोलोनिया व्झोसेक यांच्या हातात एक किल्ली ठेवली आणि सांगितलं, "उद्यापासून तुमचं टेबल उद्योगकेंद्रात."

बाई पंचायत कचेरीत एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळत होत्या. उद्योगकेंद्र म्हणजे गावाबाहेरची दोन मजली इमारत. नवा धंदा सुरू करणाऱ्यांना स्वस्तात जागा मिळावी म्हणून युरोपच्या निधीतून बांधलेली. खोल्या अठरा, आणि अठराही रिकाम्या. निवृत्तीला चार वर्षांहून कमी राहिलेल्या माणसाला आमच्या देशात कामावरून काढता येत नाही, पण त्याला कुठे बसवायचं हे कायद्यात लिहिलेलं नाही. तेव्हा बाई रोज सकाळी साडेसातला त्या इमारतीत जाऊन बसू लागल्या. कोट न काढता, कारण एका माणसासाठी हीटर लावायला सरपंचांची मनाई होती.

हे आमच्यामुळे झालं. मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला मी शहाणा वाटायला नको.

माझं नाव हुबर्ट झावादा, पीएचडीमुळे सगळ्यांचा डॉक्टर. लुब्लिनमधल्या एका छोट्या संशोधन संस्थेत मी एकवीस वर्षं आहे. मागास भागाच्या विकासासाठी निधी येतो, इमारती उठतात, फिती कापल्या जातात. त्यातून तिथल्या माणसाचं काय भलं झालं, हे विचारायला काही वर्षांनी आम्ही जातो. याला मूल्यमापन म्हणतात. फीत कापणाऱ्यांना आम्ही आवडत नाही आणि ज्यांच्यासाठी कापली त्यांना आम्ही कोण हेच माहीत नसतं.

मागच्या उन्हाळ्यात मी आणि आमचा क्षेत्रसंशोधक इग्नात्सी कुल्पा बाईंच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. बाई बोलायला तयार नव्हत्या. मी म्हटलं, "तुमचं नाव या भिंतीलासुद्धा कळणार नाही, बाई. माझा शब्द." मग त्यांनी सांगितलं. केंद्रात सात कंपन्या असल्याचं कागदावर होतं आणि सातही सरपंचांच्या सासुरवाडीच्या. एकीचीही तिथे साधी खुर्ची नव्हती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अहवाल निघाला. चौतीस केंद्रं, एकशे बारा मुलाखती. कुठल्या गावाचं नाव नाही, कुठल्या माणसाचं नाही. तरी चार दिवसांत सरपंचांनी बाईंना केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"नाव कुणीतरी फोडलंय," आमचे डायरेक्टर फाबियान रोगाला म्हणाले. बाईंच्या बदलीनंतरचा सोमवार होता. "कोण ते तू शोध. शुक्रवारी माझा नामदिन आहे, तोवर संपव. केक खाताना मला कुणाची सुतकी तोंडं नकोत." आमच्याकडे माणूस वाढदिवस नाही, नामदिन साजरा करतो.

"मीच का?"

"नावं लपवायची नियमावली तुझी, शब्द तुझा. आणि तुझ्यावर कुणाचा संशय नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तसं मला माहीत आहे कोण ते. तू फक्त कागदावर आण."

"कोण?"

"अरे हुबर्ट, त्या स्वयंपाकघरात तुझ्याबरोबर आणखी कोण बसलं होतं?"

२

इग्नात्सी कुल्पा बेचाळीस वर्षांचा, मूळ ओल्शावाचाच. त्याची आई बाईंच्या समोरच्या घरात राहते. तो बाईंना मावशी म्हणतो, त्या त्याला इग्नाश म्हणतात. बाई बोलल्या त्या माझ्या शब्दावर नाही, इग्नाशकडे बघून. हे मला त्याही दिवशी कळलं होतं.

त्याचं कंत्राट एकतीस जानेवारीला संपणार होतं. नवं करायचं की नाही, हे माझ्या टिपणावर ठरणार होतं. हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणूनच बहुधा तो खुर्चीत अगदी मागे रेलून बसला.

"विचारा, डॉक्टर. छपरापासून सुरू करा."

मी छपरापासूनच सुरू करणार होतो. डिसेंबरात पंचायतीच्या माणसांनी त्याच्या आईच्या घरावर नवे पत्रे घातले होते.

"वादळात चार घरांची छपरं गेली," तो म्हणाला. "चारही पंचायतीने घालून दिली. उरलेल्या तिघांनी कुणाचं नाव फोडलं, तेही विचारून या."

"सरपंचांच्या भावाबरोबर तुमचं बसणं-उठणं आहे."

"एका वर्गात होतो. गावात शाळाच एक आहे. आणखी?"

"इग्नात्सी, मी तुमच्या बाजूचा आहे."

"हो? मग ही खुर्ची अशी समोर का ठेवलीत?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग एकदम म्हणाला, "नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी पोळी घेऊन मावशीकडे गेलो. दरवर्षी जातो. बाप गेल्यापासून आधी तिच्याबरोबर मोडतो, मग घरी. तिने दार उघडलं आणि म्हणाली, तुझ्या हातचा तुकडा माझ्या घशाखाली उतरायचा नाही. शेजारीपाजारी सगळे अंगणात उभे. माझ्या आईने ऐकलं."

नाताळची ती कागदासारखी पांढरी पोळी एकमेकांबरोबर मोडून वर्षाचं वैर मिटवायला असते. ती नाकारलेली मी उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती.

"तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत, की तुम्ही नाही म्हणून?"

"सांगितलं. म्हणाली, मग काय त्या लुब्लिनच्या डॉक्टरने सांगितलं? त्याला माझं आडनावसुद्धा धड म्हणता येत नाही." तो उठला. "मला जे म्हणायचं होतं ते मी ऑक्टोबरातच पेन्सिलीने म्हटलंय. तुम्ही वाचलंत. आता माझ्या तोंडून आणखी कशाला?"

काय पेन्सिल, कसलं वाचलंत, मला कळलं नाही. मला वाटलं, माणूस टोमणे मारतोय. मी टिपणात लिहिलं : सहकार्य करत नाही.

३

कुणी काय सांगितलं याची किल्ली आमच्याकडे एकाच ठिकाणी असते. प्रत्येक मुलाखतीला एक क्रमांक असतो, आणि कुठला क्रमांक कुणाचा ही यादी एका पाकिटात. ते पाकीट बोगुमिवा सावा या आमच्या आकडेतज्ज्ञ बाईंच्या लोखंडी कपाटात. सावाबाई आठ डिसेंबरपासून काही दिवस रजेवर होत्या, म्हणजे अपोलोनियाबाईंना केबिनमध्ये बोलावलं त्याच्या आदल्या दिवसापासून. त्यांचं आणि इग्नात्सीचं पटत नाही हेही सगळ्यांना माहीत.

"दात काढायला गेले होते," त्या म्हणाल्या. "दाखवू खड्डा?"

"नको. पाकीट दाखवा."

त्यांनी कपाट उघडलं. पाकिटावर लाखेचा शिक्का, शिक्क्यावरून गेलेल्या तीन सह्या, माझी मधली. कुठे केसाएवढी फट नाही. दिव्यासमोर धरलं, कडा चाचपल्या. ऑगस्टमध्ये बंद केलं तसंच ते होतं.

"झालं समाधान?" सावाबाई म्हणाल्या. "यादी कुणी पाहिलेली नाही. म्हणजे नाव फुटलं ते माणसाच्या तोंडून. तोंडं तीन. तुमचं, इग्नात्सीचं आणि खुद्द त्या बाईंचं."

"तुम्हाला कोण वाटतं?"

"मला आकडे वाटतात, माणसं वाटत नाहीत." मग त्या जरा मवाळ झाल्या. "एक सांगू? इग्नात्सी मला आवडत नाही. माझ्या तक्त्यांना तो चटण्या म्हणतो. पण मुलाखतीच्या कागदांवर तो इतकं खोडतो, इतकं खोडतो, की शेवटी त्यात माणूस होता की पाण्याची टाकी तेच कळत नाही. असा माणूस बोलून कशाला बसेल?"

टेबलावर अहवाल पडला होता. त्यांनी तो उघडला. न शोधताच एकसष्टावं पान निघालं. तिथे घडी पडली होती. पानावर एक चौकट, चौकटीत एक अवतरण, खाली लिहिलेलं : महिला कर्मचारी, ग्रामीण पंचायत. सावाबाईंनी मोठ्याने वाचलं.

"'कागदावर सगळं भरलेलं आहे. मला विचाराल तर फीत कापली त्या दिवशी तिथे शेवटची गर्दी झाली. बाहेर भाषणं चालली होती आणि मी आत माझ्याच नामदिनाचा केक कापून पाहुण्यांना वाढत होते. त्यानंतर त्या इमारतीत कुणी घासभरसुद्धा खाल्लेलं नाही.'"

त्यांनी पुस्तक मिटलं. "दोनशे चाळीस पानांत एवढी एकच जागा जिवंत आहे. बाकी सगळं आपण लिहिलंय."

मला त्या क्षणी बरं वाटलं, हे कबूल करतो. ती चौकट माझ्या आवडीची होती. आणि मग वाटलं, बाईच कुणाजवळ तरी बोलल्या असतील. किती सोपं झालं असतं ते सगळ्यांना.

४

बुधवारी मी ओल्शावाला गेलो. सरपंच मिरोस्वाव गिल दोन वर्षांपूर्वी निवडून आले होते. गोरापान, गुबगुबीत माणूस. बोलताना समोरच्याच्या बटणांकडे बघतो.

"या डॉक्टर, या. कॉफी? आमच्यावर काय राग?"

"अपोलोनियाबाईंना तिकडे का बसवलंत?"

"केंद्र रिकामं आहे अशी तक्रार होती ना? मी भरायला घेतलंय. एका माणसापासून सुरुवात केली." ते स्वतःच हसले. "निधीच्या अटीची मुदत मार्चमध्ये संपते. तोवर केंद्र रिकामं ठरलं तर सगळा निधी परत करायचा. सरपंच म्हणून मी काळजी घ्यायला नको?"

"त्यांचं नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मी वाचतो." त्यांनी खणातून अहवालाची प्रत काढली. त्यांच्याही प्रतीला तिथेच घडी पडलेली होती. "तुम्हा लोकांना वाटतं, तुमचं कुणी वाचत नाही. मला मात्र शाळेपासून सवय आहे, पाठ्यपुस्तक संपवल्याशिवाय झोपायचो नाही."

"अहवालात गावाचं नाव नाही."

"नसेल."

"उद्घाटनाला तुम्ही तरी कुठे होता?"

"नव्हतो. तेव्हा मी खतं विकत होतो." पुन्हा हसू. मला त्या हसण्याची चीड आली. ती दिसू नये म्हणून मी भिंतीकडे पाहिलं. तिथे गेल्या वर्षीचंच कॅलेंडर होतं आणि तेही फेब्रुवारीवर उघडलेलं.

"मागे राहिलात की, सरपंच," मी म्हटलं.

"कामाचं पान तेवढं राहू दिलंय," ते म्हणाले, आणि कॉफीचा कप माझ्याकडे सरकवला.

मी कॉफी घेतली नाही. परत जाताना उद्योगकेंद्रापाशी गाडी थांबवली. दाराशेजारी निळ्या रंगावर बारा तारे असलेली पाटी होती : या केंद्राचे उद्घाटन ९ फेब्रुवारी २०१२ रोजी झाले. तळमजल्यावरच्या एका खिडकीत बाई दिसल्या. कोट, टोपी, हातमोजे. समोर रिकामं टेबल. त्या काहीच करत नव्हत्या. वाचतही नव्हत्या.

आत जाऊन काय बोलणार होतो? तपास चालू आहे, असं? त्यांनी मान वर केली आणि मला पाहिलं. ओळखलंही असावं. मी हात वर केला नाही, गाडी सुरू केली आणि निघून आलो. लुब्लिन येईपर्यंत मी स्वतःला शिव्या घालत होतो, पण गाडी काही वळवली नाही.

५

उरले त्सेझारी विल्गा. प्रादेशिक कार्यालयातले हे गृहस्थ आमचा प्रत्येक मसुदा तपासतात. सरपंच त्यांच्याकडे दर महिन्याला फेऱ्या घालतात. गुरुवारी मी त्यांना फोन लावला.

"मला नावं कळतच नाहीत हो," ते म्हणाले. "तुमच्याकडून येतं तेच सोललेलं येतं. आणि खरं सांगू का, फार सोललेलं. नोव्हेंबरचा मसुदा वाचताना मला दोनदा डुलकी लागली. शेवटच्या प्रतीत तो केक आला तेव्हा जाग आली. मी रोगालांना मुद्दाम कळवलं, की अखेर कुणीतरी माणसासारखं लिहिलंय."

"केक मसुद्यात नव्हता?"

"नव्हता. तिथे फक्त, 'कागदावर सगळं भरलेलं आहे, प्रत्यक्षात रिकामं आहे.' केकवाला मजकूर नंतर घातलाय कुणीतरी. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत होतं. नोव्हेंबरच्या शेवटी अहवालावर अखेरचा हात मीच फिरवला होता. पण त्यात काय, असं मला त्या वेळी वाटलं. मजकूर बाईंचाच होता, खरा होता, आणि नियमावलीने वगळायला सांगितलेली एकही गोष्ट त्यात नव्हती. मी फोन ठेवला आणि टिपण लिहायला घेतलं. संशयाची सुई, वगैरे. इग्नात्सीचं नाव मी एका पानात तीनदा लिहिलं.

शुक्रवारी दुपारी डायरेक्टरांचा नामदिन. सगळे मोठ्या खोलीत जमलो. खसखशीचा केक, कागदी ताटल्या. आमच्या कचेरीत असं दर पंधरा दिवसांनी कुणाचं ना कुणाचं असतंच. वाढदिवस कधी हे कुणी कुणाला विचारत नाही, विचारणं बरं दिसत नाही, पण नामदिन सगळ्यांना माहीत असतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात प्रत्येक तारखेखाली त्या दिवसाचे संत छापलेले असतात. ज्याचं नाव त्याचा दिवस.

सावाबाईंनी भिंतीकडे बघून वाचलं, "वीस जानेवारी. फाबियान आणि सेबास्तियान. सेबास्तियान आपल्याकडे कुणी नाही, म्हणजे सगळा केक यांचाच."

सगळे हसले.

मी ताटली ठेवली, कॅलेंडरापाशी गेलो आणि पान उलटलं. फेब्रुवारी. पहिली ओळ, दुसरी ओळ. नऊ तारीख. त्याखालचं नाव मी दोनदा वाचलं.

"काय रे, तुझा कधी येतो ते बघतोस?" डायरेक्टर ओरडले. "नोव्हेंबरात आहे तुझा!"

मी खाली कागदपत्रांच्या खोलीत गेलो आणि ऑक्टोबरातली फाईल काढली. बाईंच्या मुलाखतीचा चौथा कागद. केकचं वाक्य पेन्सिलीने खोडलेलं होतं, एकदा नाही, दोनदा. समासात इग्नात्सीच्या बारीक अक्षरात एकच शब्द : नको. आणि खोडलेल्या ओळीखाली, ओळ तशीच ठेवावी या अर्थाचे टिंब, एकामागून एक, नीट, हिरव्या शाईत.

आमच्या संस्थेत हिरव्या शाईने लिहिणारा माणूस एकच आहे.

६

डायरेक्टरांच्या खोलीत मी दार लावून घेतलं आणि दोन्ही गोष्टी टेबलावर ठेवल्या : तो कागद आणि अहवाल.

"नाव कुणी फोडलं ते सापडलं," मी म्हटलं. "कुणी बोललेलं नाही. छापलंय."

"कुठे?"

"एकसष्टाव्या पानावर. बाई म्हणतात, फीत कापली त्या दिवशी माझा नामदिन होता. फीत कधी कापली ते प्रत्येक केंद्राच्या दारावर लिहिलंय. चौतीस सरपंचांनी अहवाल वाचला असेल, तर चौतिसांनी आपापली तारीख काढून कॅलेंडर बघायचं, एवढंच काम. तेहतीस जणांच्या कचेरीत त्या नावाची बाई निघणार नाही. गिलच्या कचेरीत निघाली. नऊ फेब्रुवारी, संत अपोलोनिया. त्याने ते पान भिंतीवर उघडून ठेवलंय. मला दाखवून कॉफी पाजत होता."

डायरेक्टरांनी अहवाल जवळ ओढला. "पण तुझी नियमावली? नाव, गाव, वय, हुद्दा, नोकरीची वर्षं, जन्मतारीख..."

"जन्मतारीख आहे. नामदिन नाही. ती यादी बाहेरून आली, ज्यांच्याकडे नामदिन कुणी पाळत नाही त्यांनी केलेली. मी तिचं भाषांतर केलं. आपल्याकडे जन्मतारीख कुणाला ठाऊक नसते आणि नामदिन भिंतीवर छापलेला असतो, हे मला सुचलं नाही. दर पंधरा दिवसांनी केक खातो, आणि सुचलं नाही."

"इग्नात्सीला सुचलं होतं."

"त्याने दोनदा खोडलं."

"मग समासात कारण का नाही लिहिलं? नुसतं 'नको' काय?"

हा प्रश्न मी स्वतःला त्या खोलीत उभ्या उभ्या विचारला होता. "कारण लिहिलं असतं तर त्या कागदावरच बाईंचं नाव झालं असतं. तो कागद पाच जणांच्या हातातून जातो. त्याने आपल्या माणसांपासूनसुद्धा ते राखलं. त्याला वाटलं, डॉक्टर 'नको' म्हटल्यावर समजेल. मी समजलो नाही. मला वाटलं, हा नेहमीसारखा सगळं बेचव करतोय. अहवाल कोरडा होत होता. मला एक चांगली जागा हवी होती."

डायरेक्टरांनी कागद उचलून माझ्याकडे सरकवला. "बस, हुबर्ट. हे असं बघ. चूक माणसाकडून होते. इग्नात्सीने केलं नाही, ठीक, तसं टिपणात घालू. पण हे दुसरं लेखी कशाला? प्रादेशिक कार्यालयाला कळलं तर पुढचं काम जाईल. त्याचं कंत्राट एकतीसला आपोआप संपतंय. जाऊ दे. सहा महिन्यांनी परत घेऊ."

"आणि गावात त्याचं तोंड?"

"गावातली माणसं विसरतात."

मी एकवीस वर्षं या माणसाचं ऐकत आलो होतो आणि त्यातलं बरंचसं चांगलंही होतं. मी माझ्या खोलीत जाऊन गुरुवारचं टिपण फाडलं आणि नवं लिहिलं, अर्ध्या पानाचं. बाईंचं नाव त्यात घातलं नाही. माझं घातलं. कुल्पा यांनी धोका वेळीच ओळखून मजकूर वगळला होता, तो मी पुन्हा घातला, असं लिहून एक प्रत आवक-जावकमध्ये दिली आणि एक विल्गांना पाठवली. इग्नात्सीला फोन लावला. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला, तेव्हा बंद होता.

७

रविवारी प्रार्थना सुटायच्या सुमारास मी ओल्शावात पोहोचलो. अपोलोनियाबाईंनी दार उघडलं, मला पाहिलं आणि बाजूला झाल्या. तेच स्वयंपाकघर. चुलीवर जवाचं सूप रटरटत होतं.

"बसा म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "बोला."

मी उभ्यानेच सांगितलं. चौकट, तारीख, कॅलेंडर, पेन्सिल, हिरवी शाई. सांगून संपल्यावर बाईंनी पळी उचलली, सूप ढवळलं, पळी ठेवली.

"म्हणजे इग्नाश नव्हता."

"नव्हता. त्याने तुम्हाला वाचवायचा प्रयत्न केला. मी हाणून पाडला."

"का?"

"वाक्य चांगलं होतं म्हणून."

मी शिव्यांची वाट पाहत होतो. शिव्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी वेगळंच विचारलं.

"आणि मी जे सांगितलं त्याचं पुढे काय झालं? त्या सात कंपन्यांचं?"

"शिफारस क्रमांक नऊ," मी म्हटलं. "चौकशी व्हावी, अशी. वरून उत्तर आलं, अंशतः मान्य."

"अंशतः म्हणजे?"

मी एकवीस वर्षं हा शब्द लिहितो, वाचतो. कुणी मला त्याचा अर्थ विचारला नव्हता. "म्हणजे काही नाही, बाई. काही होणार नाही."

"अच्छा," त्या म्हणाल्या. नुसतं 'अच्छा'. मग खुर्चीवर बसल्या आणि एकदम त्यांचा चेहरा म्हातारा दिसला. "मी त्या पोराला सगळ्यांदेखत हाकललं, डॉक्टर. नाताळच्या संध्याकाळी. त्याचा बाप गेला तेव्हा याच टेबलापाशी निजवला होता मी त्याला, सात वर्षांचा होता. मला तुमच्यावर नाही संशय आला, त्याच्यावर आला. आपल्या माणसावरच येतो."

"चूक माझी होती. तुमची नाही."

"तुमची तुमच्यापाशी. माझी मला द्या की." त्या उठल्या, अंगावर कोट चढवला, डोक्याला रुमाल बांधला. "सूप ढवळत राहा. खाली लागू देऊ नका."

त्या गेल्या. मी पळी हातात घेऊन खिडकीशी उभा राहिलो. त्या रस्ता ओलांडून समोरच्या फाटकापाशी पोहोचल्या, फाटक उघडून दारावर टकटक केली. कुणी आलं नाही. पुन्हा केली. मग दार उघडलं आणि इग्नात्सी उंबऱ्यावर आला, नुसत्या सदऱ्यात. बाई काहीतरी बोलत होत्या. बोलताना त्यांनी एकदाही हात हलवला नाही, एरवी त्यांचे हात तोंडाआधी चालतात. तो खाली मान घालून ऐकत होता. मग त्याने दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरले, आणि किती वेळ ते दोघं तसेच उभे होते मला सांगता येणार नाही, कारण मला दिसेनासं झालं होतं. जळकट वास आला तेव्हा मी भानावर आलो आणि भांडं उतरवलं.

बाई एकट्याच परत आल्या. डोळे लाल, पण चाल हलकी. त्यांनी भांड्यात डोकावून पाहिलं, मला काही म्हटलं नाही. कपाटातून ताटल्या काढल्या आणि टेबलावर मांडल्या. दोन.

"येतोय का?" मी विचारलं.

"येतो म्हणाला." त्यांनी चमचे ताटल्यांशेजारी सरळ लावले. "तुमची गाडी दारातून हलली की."

मी कोट घेतला. दाराशी थांबून माफी मागावी असं वाटलं, पण ती माझी मागून झाली होती आणि आणखी मागणं म्हणजे त्यांना आणखी काहीतरी करायला लावणं होतं. मी बाहेर आलो. रस्त्यापलीकडे इग्नात्सी फाटकाशी उभा होता, आता अंगात कोट होता, आणि तो माझ्याकडे न बघता मी जायची वाट बघत होता.